कपाटातलं गाव

बायकोच्या कॉम्प्युटरचा कारभार आपण हातात घ्यावा, असं अण्णांनी गुरुवारी चहा पिता पिता ठरवलं. बायकोने तसं काही सुचवलं नव्हतं. उलट, "तुम्ही फक्त त्या खोलीत येऊ नका, बाकी माझं मी बघते," असं तिने अगदी स्वच्छ शब्दांत सांगितलं होतं. पण अण्णा एका मोठ्या कार्यालयात आवक-जावक विभागात होते आणि तोंडी सूचना विचारात घ्यायची त्यांना सवय नव्हती.

बायको शाळेत भूमिती शिकवायची. शाळेत, शेजारात, दुकानात सगळे तिला 'बाई'च म्हणत, तेव्हा आपणही बाईच म्हणू. (घरात अण्णा 'अगं' म्हणत, पण मनातल्या मनात तेही बाईच म्हणत.) तर या बाईंना गाव वसवण्याचा नाद लागला होता. म्हणजे कॉम्प्युटरवर. मोकळी जमीन घ्यायची, तिच्यावर रस्ते काढायचे, घरं बांधायची, पाणी आणायचं, शाळा काढायची, मग हळूहळू माणसं राहायला येतात. असा तो खेळ. बाईंनी त्यात नदीकाठी एक गाव वसवलं होतं. कित्येक महिन्यांचं काम. सगळे रस्ते काटकोनात, आणि एकही घर बेकायदा नाही. अण्णांनी आयुष्यात पाहिलेलं हे एकमेव असं गाव होतं.

अलीकडे बाईंनी हा खेळ लोकांना दाखवायला सुरुवात केली होती. आपण खेळत असताना पडद्यावर जे दिसतं ते इंटरनेटवरून तसंच्या तसं लोकांपर्यंत सोडायचं आणि सोबत बोलायचं. याला लाइव्ह स्ट्रीम म्हणतात. अण्णा त्याला 'थेट प्रक्षेपण' म्हणत आणि त्यामुळे त्यांना आपलं घर जरा महत्त्वाचं वाटायला लागलं होतं. दर रविवारी दुपारी हा कार्यक्रम चाले आणि त्याला ठरलेले प्रेक्षक असत. एक बाईंची धाकटी बहीण, एक शाळेतल्या चित्रकलेच्या बाई आणि एक कधीही काहीही न लिहिणारा अनोळखी माणूस. हा अनोळखी माणूस म्हणजे स्वयंपाकघरात बसलेले अण्णा.

गेल्या रविवारी मात्र फजिती झाली. गावातल्या बेकरीला आग लागली, बाईंनी अग्निशमन दलाचा बंब सोडला, आणि बंब कोपऱ्यावर वळला न वळला तोच चित्र अडकलं. बाईंचा आवाज पुढे चालू राहिला आणि चित्र मागेच. धाकटी बहीण लिहीत राहिली, "ताई, बंब अजून तिथेच आहे." मग, "ताई, लोक घाबरलेत का? कुणी हलत नाहीये." शेवटी चित्र सुटलं तेव्हा बेकरीची राख झाली होती आणि चित्रकलेच्या बाई निघून गेल्या होत्या.

एवढ्यावर हे मिटलं असतं. पण त्याच आठवड्यात एक निरोप आला. हा खेळ खेळणाऱ्या मंडळींत एक फार नावाजलेला माणूस होता. त्याला सगळे 'महापौर' म्हणत आणि त्याचा खेळ बघायला भरपूर गर्दी जमत असे. नव्या लोकांना हात द्यायचा म्हणून तो अधूनमधून आपले सगळे प्रेक्षक घेऊन कुणातरी नवख्याच्या कार्यक्रमाला जायचा. येत्या रविवारी तो बाईंकडे येणार होता.

त्या संध्याकाळी बाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "आपली माणसं बघतात ती आपली म्हणून बघतात हो. बहिणीला सगळंच छान वाटतं. एकदा तरी कुणी परक्याने बघावं आणि म्हणावं, की हे चांगलं जमलंय. रविवारी तेवढं चित्र अडकलं नाही म्हणजे मिळवली."

अण्णांना हे ऐकून भरून आलं. सगळा घोटाळा इथेच झाला, कारण अण्णांना भरून आलं की ते कामाला लागतात.

शुक्रवारी त्यांनी जेवणाच्या सुट्टीत 'नवख्यांसाठी लाइव्ह स्ट्रीम, भाग पहिला' हा व्हिडिओ पाहिला, आणि भाग दुसरा साहेब मीटिंगला गेल्यावर पाहिला. सगळ्याचं सार असं होतं की कॉम्प्युटरला एका वेळी दोन कामं पडतात. खेळ चालवायचा आणि चित्र बाहेर पाठवायचं. तेव्हा त्याच्यावरचा बाकीचा बोजा कमी करावा. बोजा कमी करणं हा अण्णांचा हातखंडा विषय होता. पुढच्या टेबलावर गेलेला बोजा परत कसा येऊ द्यायचा नाही, हेही त्यांना ठाऊक होतं.

घरी येऊन, बाई पेपर तपासायला शाळेत थांबल्या आहेत असं बघून, त्यांनी सुरुवात केली. आधी कॉम्प्युटरचं झाकण उघडून पंख्यावरची धूळ ब्रशने काढली. कॉम्प्युटर सुरू होताना आपोआप उघडणारे फालतू प्रोग्राम बंद केले. चित्राचा आकार एक पायरी खाली आणला. इंटरनेटचा वेग मोजून, सेकंदाला किती माहिती वर पाठवायची तो आकडा त्या वेगात बसेल एवढा ठेवला. वायफायच्या भरवशावर राहू नये असं व्हिडिओत सांगितलं होतं, म्हणून हॉलमधल्या राउटरपासून बाईंच्या खोलीपर्यंत केबल ओढली. ती बरोबर दारात घोट्याएवढ्या उंचीवर आली, पण त्याला इलाज नव्हता. आणि प्रत्येक बदल करण्याआधी एक आणि केल्यावर एक, असा मोबाइलवर व्हिडिओ काढला. उद्या कुणी विचारलं तर पुरावा हवा. ऑफिसातही अण्णा पुराव्याशिवाय टाचणीची जागा बदलत नसत.

इथपर्यंत सगळं बरोबर होतं हे मान्य केलं पाहिजे. मग अण्णांनी खेळाच्या सेटिंग उघडल्या.

संध्याकाळी बाई खोलीत गेल्या, केबल ओलांडली, खुर्चीत बसल्या आणि थोड्या वेळाने त्यांची हाक आली.

"अहो, माझ्या गावातली माणसं कुठे गेली?"

"कमी केली," अण्णा दारातून म्हणाले.

"कुणाला विचारून?"

"बोजा पडत होता. गर्दी असं एक बटण आहे, ते मी 'कमीत कमी' वर आणलं."

"आणि झाडं?"

"झाडं बंद आहेत."

"नदी?"

"नदी आहे ना. पाणी तेवढं बंद केलंय."

बाईंनी डोळे मिटून घेतले. नववीचा वर्ग कर्कटक घेऊन एकमेकांच्या अंगावर जातो तेव्हाही त्या असंच करत. मग शांतपणे पाणी चालू केलं, झाडं अर्धी लावली, माणसं परत बोलावली. सावल्या मात्र बंदच ठेवल्या. खेळ थोडा चालवून पाहिला. खरोखरच आधीपेक्षा हलका चालत होता. बाई न्यायाने वागणाऱ्या होत्या.

"सावल्यांचं ठीक केलंत," त्या म्हणाल्या. "केबलचंही. पण आता रविवारपर्यंत कशालाही हात लावू नका."

अण्णांनी मान डोलावली. त्यांच्या मनात एकच वाक्य घुमत होतं, सावल्यांचं ठीक केलंत. एवढं कौतुक त्यांच्या वाट्याला पूर्वी कधी आलं होतं ते त्यांना आठवेना.

शनिवारी बाई पुन्हा शाळेत गेल्या. अण्णांनी कॉम्प्युटर फक्त बघायला म्हणून उघडला, तर कोपऱ्यात पाटी होती: डिस्क भरत आली आहे. आणि पडद्यावर हा पसारा. जुन्या प्रश्नपत्रिका, सहलीचे फोटो, फोल्डरात फोल्डर. अण्णांना एकदम ऑफिसातली तपासणी आठवली. वरून तपासणी यायची म्हटली की त्यांच्या कार्यालयात एक जुनी पद्धत होती. टेबलांवरचं, खिडक्यांतलं, खुर्च्यांखालचं सगळं कागद-फायलींचं जंजाळ उचलायचं, न उघडता, न वाचता कापडात बांधायचं, मागच्या खोलीत टाकायचं आणि कुलूप लावायचं. तपासणीस येतो, लखलखीत टेबलं बघतो, चहा घेतो, उत्तम शेरा देऊन जातो. या पद्धतीत अण्णांचा हात धरणारा कुणी नव्हता. आणि उद्या महापौर आपल्या लवाजम्यासह येणार म्हणजे तपासणीच की.

आता, हात लावू नका असं बाई म्हणाल्या होत्या. पण आवरणं म्हणजे हात लावणं नव्हे, असा अण्णांनी अर्थ लावला. (अशा अर्थांवर त्यांची बरीच नोकरी निभावली होती.) त्यांनी 'तपासणीनंतर बघणे' असं एक फोल्डर केलं. डोळ्यांना दिसेल ते सगळं, न उघडता, त्याच्यात ढकललं. मग ते सगळं एका छोट्या बाहेरच्या डिस्कवर हलवलं, डिस्क पांढऱ्या फडक्यात गुंडाळली, लोखंडी कपाटाच्या आतल्या कप्प्यात ठेवली आणि कपाटाला कुलूप लावलं. कॉम्प्युटरचा पडदा इतका मोकळा झाला की अण्णा काही वेळ नुसते बघत बसले.

राहता राहिली किल्ली. कुलूप ज्याने लावलं त्याच्याकडे किल्ली राहू नये, हा ऑफिसचा नियम. संध्याकाळी बाईंची धाकटी बहीण डबा परत द्यायला आली, तेव्हा अण्णांनी किल्ली पाकिटात घालून तिच्या हातात ठेवली.

"कसली किल्ली, भाऊजी?"

"ते विचारू नकोस. उद्याचा कार्यक्रम झाला की आणून दे. आणि इथे सही कर."

तिने सही केली. या घरात अण्णा राहत होते, त्यामुळे जास्त प्रश्न न विचारता निघायची तिला सवय झाली होती.

रविवारी दुपारी बाई ठेवणीतली साडी नेसून कॉम्प्युटरसमोर बसल्या. प्रेक्षकांना फक्त गाव आणि आवाज पोचणार होता, पण तरी. अण्णा स्वयंपाकघरात मोबाइल घेऊन बसले. प्रक्षेपण सुरू झालं. धाकटी बहीण आली, चित्रकलेच्या बाई आल्या. आणि मग कोपऱ्यातला प्रेक्षकांचा आकडा दूध उतू जावं तसा वर चढला. महापौर आले होते. शेकडो माणसं आली होती, आणि त्यातलं एकही नात्यातलं नव्हतं.

"नमस्कार," बाई म्हणाल्या. आवाज अगदी वर्गातला लागला. "मी आज तुम्हाला माझं नदीकाठचं गाव दाखवणार आहे."

त्यांनी खेळ उघडला. पडद्यावर एक मोकळं माळरान आलं. एक नदी, आणि मधोमध बटण: 'नवीन गाव सुरू करा.' दुसरं काही नाही.

स्वयंपाकघरात अण्णांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला. कालच्या फोल्डरांमध्ये खेळाच्या नावाचंही एक फोल्डर होतं, हे त्यांना आता लख्ख आठवलं. पण न उघडता बांधायचं, हाच तर त्या पद्धतीचा आत्मा.

बाईंनी माइक बंद केला.

"अहो."

अण्णा केबल ओलांडून दारात उभे राहिले.

"माझं गाव कुठे आहे?"

"सुरक्षित आहे."

"कुठे?"

"कपाटात."

"कपाट उघडा."

"कुलूप आहे."

"किल्ली?"

"तुझ्या बहिणीकडे. पोच घेतली आहे."

"दुसरी किल्ली?"

अण्णांनी खाली बघितलं. "दुसरी आतल्या कप्प्यात. डिस्कशेजारीच."

खोलीत पंख्याचा आवाज तेवढा येत होता. (धूळ काढल्यामुळे तो फार कमी येत होता, पण हे सांगायची ही वेळ नाही, एवढं अण्णांनाही कळलं.) बाईंचे डोळे भरून आले होते. रागाने नव्हे. अण्णांना तो राग परवडला असता. कित्येक महिने एकेक रस्ता काटकोनात बसवलेली ती बाई परक्या माणसांसमोर मोकळ्या माळरानावर उभी होती, आणि तिला तिथे आपण नेऊन सोडलंय, हे अण्णांना एकदम स्पष्ट दिसलं. त्यांना स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

"आत्ता जातो, घेऊन येतो," ते म्हणाले आणि चपला घालून निघाले. जाताना केबलला अडखळले, पण पडले नाहीत.

बसस्टॉपवर उभं राहून त्यांनी भीत भीत मोबाइल उघडला. बाई बोलत होत्या.

"...तर असं आहे. माझ्या यजमानांनी गाव कपाटात ठेवलंय. ते किल्ली आणायला गेलेत. तोवर आपण रिकामं बसायला नको. समोर नदी आहे, जमीन आहे. नवीन गाव वसवू. सांगा, पहिला रस्ता कुठून काढायचा?"

प्रेक्षकांची लिहायला झुंबड उडाली. कुणी म्हणे नदीला समांतर, कुणी म्हणे पूल आधी. "कपाटात म्हणजे खरंच कपाटात?" असं किती जणांनी विचारलं त्याची गणती नाही. खुद्द महापौरांनी लिहिलं की इतक्या वर्षांत आपल्या हातून गावं बुडाली, जळाली, पण कपाटात गेलेलं गाव पहिल्यांदाच बघतोय. बाई प्रत्येकाला उत्तर देत होत्या. एकाने तिरपा रस्ता सुचवला तर त्याला त्यांनी कोनाचं माप विचारलं आणि चुकल्यावर पुन्हा विचार करायला सांगितलं. लोकांना हे फार आवडलं. आणखी माणसं येत होती.

बसमध्ये अण्णा बघत होते. पूल झाला, शाळा झाली. पहिली घरं उभी राहिली आणि पहिलं कुटुंब ट्रकमधून सामान घेऊन आलं. गंमत म्हणजे चित्र एकदाही अडकलं नाही, पाण्यासारखं चालत होतं. अण्णांना वाटलं, शेवटी आपल्या सेटिंगचा गुण आला.

मेहुणीने दार उघडलं ते मोबाइलमध्ये बघतच. "भाऊजी, ताई काय सुंदर बोलतेय हो आज. आणि चित्र बघा, काचेसारखं." तिने किल्ली दिली, पण जरा नाखुषीनेच.

परतीच्या बसमध्येही सगळं सुरळीत होतं. अण्णा इमारतीच्या फाटकातून आत शिरले, जिना चढले, दाराशी आले, आणि हातातल्या मोबाइलवर एक बस पुलाच्या मधोमध थांबली. तिच्यामागे सगळं गाव थांबलं. खाली ओळी येऊ लागल्या: अडकलं. अडकलं. बाई, तुम्ही आहात का?

अण्णा धापा टाकत खोलीत आले आणि किल्ली पुढे धरली. बाईंनी माइक बंद केला. त्यांनी किल्लीकडे पाहिलं नाही. अण्णांच्या दुसऱ्या हातातल्या मोबाइलकडे पाहिलं.

"तुम्ही बाहेर होतात तोवर सुरळीत होतं," त्या सावकाश म्हणाल्या. प्रमेय मांडताना त्या असंच बोलत. "तुम्ही आलात आणि अडकलं. गेल्या रविवारी तुम्ही घरात होतात, तेव्हाही अडकलं. बघू तो मोबाइल."

त्यांनी पडद्यावर बोट ओढलं. वर एक छोटा बाण होता, आणि तो वरच्या दिशेला चालला होता.

"हे काय वर चढतंय?"

"व्हिडिओ," अण्णा म्हणाले. "पुरावा म्हणून काढलेले. घरच्या वायफायवर आला की मोबाइल ते आपोआप इंटरनेटवर जमा करतो. सुरक्षित राहावेत म्हणून."

"कशाचे व्हिडिओ?"

"सेटिंगचे. आधीचे आणि नंतरचे. आणि ऑफिसातल्या फायलींचे, पानागणिक."

"म्हणजे घरातून वर जायचा रस्ता एक. त्याच्यावरून माझं गाव जाणार, आणि त्याच रस्त्यावर तुमचं सगळं ऑफिस."

आवक-जावक विभागात सगळा जन्म काढलेल्या माणसाने घरातली जावक अडवून धरली होती.

"मी मोबाइल बंद करतो," ते म्हणाले.

"नको," बाई म्हणाल्या. "त्यात पुन्हा काहीतरी दुसरं निघेल. जे सिद्ध झालंय तेच ठेवू. तुम्ही खाली जाऊन बसा."

"आणि किल्ली? जुनं गाव काढून देऊ का?"

बाईंनी पडद्याकडे बघितलं. पुलावर खोळंबलेली बस, तिच्या पलीकडे अर्धी बांधलेली शाळा, आणि वाट बघत थांबलेली ती सगळी परकी माणसं. त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं, पण ते अण्णांसाठी नव्हतं.

"किल्ली पण घेऊन जा," त्या म्हणाल्या. "आत्ता मी कामात आहे."

अण्णा खाली इमारतीसमोरच्या बाकावर येऊन बसले. मोबाइल उघडला. बस पुलावरून उतरली होती. महापौर विचारत होते, की बाई, आता चित्र एकदम झकास आलं, काय केलंत ते आमच्या नवख्या मंडळींना सांगा, सगळ्यांची हीच अडचण असते.

"सांगते ना," बाई म्हणाल्या. "आधी पंख्यावरची धूळ काढा. खेळात सावल्या बंद ठेवा, त्यांचा फार बोजा पडतो. चित्राचा आकार एक पायरी खाली. वायफायऐवजी केबल. हे सगळं माझ्या यजमानांनी केलं, आणि उत्तम केलं."

बाकावर अण्णांचा ऊर भरून आला. शेकडो परक्या माणसांसमोर, आणि तेही थेट प्रक्षेपणात. शेजारी बसलेल्या गृहस्थांना हे दाखवावं म्हणून त्यांनी मोबाइल पुढे केला.

"आणि शेवटची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे," बाई म्हणाल्या, आणि चित्र अडकलं.

गृहस्थांनी थोडा वेळ वाट पाहिली. "म्हणजे काय?" त्यांनी विचारलं.

इतक्यात वर खिडकी उघडली आणि बाईंनी बाहेर डोकं काढलं.

"अहो, बाकापर्यंत आपलं वायफाय येतं," त्या म्हणाल्या. "जरा कोपऱ्याच्या पलीकडे जाता का?"